घर राखणे, जनावर सांभाळणे : आधी कामाची बोली, मग दर

मालक बाहेरगावी असताना त्याचे घर राखणे आणि घरातले कुत्रे-मांजर सांभाळणे हे एकच काम समजले जाते, कारण ते बहुधा एकाच माणसावर एकाच वेळी येऊन पडते. खरे तर ही दोन कामे आहेत. पाण्याची टाकी आज पाहिली काय आणि उद्या पाहिली काय, कोरड्या दिवसांत फारसे बिघडत नाही. जनावराचे तसे नसते. सकाळी सातला फिरायला जाणारा कुत्रा सातच्या ठोक्याला दाराशी येऊन उभा राहतो, आणि त्या वेळी दुसरा माणूस तिथे असावा लागतो. म्हणून घराच्या राखणीचा मोबदला अंगावर घेतलेल्या जबाबदारीवर ठरतो. जनावराच्या सांभाळाचा मोबदला मात्र राखणारा स्वतःच्या दिवसातून किती बांधला गेला, यावर ठरायला हवा. दोन्ही कामांची मिळून एकच ढोबळ रक्कम ठरली की नुकसान बहुतेक वेळा राखणाऱ्याचे होते, आणि कधीकधी जनावराचे.

पुणे जिल्ह्यातल्या मावळात या कामाचे जितके प्रकार दिसतात तितके क्वचितच कुठे दिसत असतील. तळेगाव दाभाडे स्टेशनापासून काही किलोमीटरवर, इंद्रायणीच्या काठी आंबी हे गाव आहे. गावाच्या आजूबाजूला तळेगाव एमआयडीसी पसरलेली आहे आणि अभियांत्रिकीसह इतर महाविद्यालये आहेत. त्यामुळे भाड्याच्या खोल्यांत आणि नव्या सोसायट्यांत राहणारे पुष्कळ लोक बाहेरून आलेले असतात. दिवाळीला ते आपापल्या गावी निघतात आणि मागे बंद घर, कुंड्या, कधी मांजर, कधी कुत्रा राहतो. आंबीपासून पश्चिमेला तीसेक किलोमीटरवरच्या लोणावळ्यात चित्र उलटे असते. तिथल्या बंगल्यांचे मालक मुंबई-पुण्यात राहतात, घर आठवड्याचे पाच दिवस रिकामे असते आणि आवारातल्या खोलीत राखणदाराचे कुटुंब वर्षभर मुक्कामाला असते. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाली आणि लोणावळ्याला हवापालटाचे गाव म्हणून रूप येऊ लागले. २००२ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाल्यावर बंगले आणि फार्महाऊस तळेगाव, कामशेत, पवना धरणाच्या काठापर्यंत पसरले. आंबीतल्या कामाची मुदत चार-आठ दिवसांची असते, लोणावळ्यातल्या कामाची वर्षानुवर्षांची. दोन्हींचे दर एकाच मापाने काढता येत नाहीत.

पैसे देऊन राखण ठेवण्याची रीत या भागाला नवी नाही. पुणे परिसरातल्या अनेक गावांत रात्रीच्या पहाऱ्याचे काम रामोशी समाजाकडे परंपरेने असे, आणि त्याचा मोबदला धान्यात किंवा इनामाच्या रूपाने मिळे. त्या व्यवस्थेतली अट मोठी कडक होती. गावात चोरी झाली तर राखणदाराने चोराच्या पावलांचा माग काढायचा, तो दुसऱ्या गावच्या शिवेपर्यंत नेऊन पोहोचवायचा, आणि माग गावातच अडला तर नुकसानीचा भार त्याच्यावर यायचा. मोबदला आणि जबाबदारी या दोन्ही गोष्टी सगळ्या गावाला ठाऊक असत. त्या व्यवस्थेत जातीचा जाच होता आणि ती गेली हे चांगलेच झाले. मात्र तिच्याबरोबर कामाची उघड बोलीही गेली. आज बंगल्याची किल्ली हातात देताना ‘जरा लक्ष ठेवा’ एवढेच म्हटले जाते. लक्ष ठेवण्यात काय येते आणि काय येत नाही, हे कोणीच सांगत नाही.

बोलीची सुरुवात जनावरापासून करावी. मांजर जागेला धरून असते. त्याला परक्या घरी नेण्यापेक्षा त्याच्याच घरी ठेवून दिवसातून एक-दोनदा कोणी जाऊन खाणे-पाणी बदलणे आणि शौचाच्या मातीचे भांडे साफ करणे बरे पडते. कुत्र्याला माणसाची सोबत लागते. प्रौढ कुत्र्याला दिवसातून दोन-तीनदा बाहेर न्यावे लागते, पिल्लाला त्याहून जास्त वेळा. म्हातारा किंवा औषधावर असलेला कुत्रा रात्रभर एकटा ठेवणे योग्य नाही. त्यामुळे ‘एक कुत्रा सांभाळायचा आहे’ या वाक्यावरून कामाचा अंदाज येत नाही. त्याचे वय, वजन, खाण्याच्या वेळा, औषधे, दोरी ओढण्याची सवय, अनोळखी माणसाशी वागणे, मादी असेल तर माजाचे दिवस, हे सगळे आधी कळायला हवे. चावण्याचा पूर्वेतिहास लपवणे हा तर उघड अन्याय आहे, कारण तो धोका राखणारा नकळत अंगावर घेत असतो.

खाण्याबाबत सूचना लेखी असाव्यात आणि त्या ‘हे द्यायचे’ इतक्यावर थांबू नयेत. काय द्यायचे नाही हेही लिहावे, कारण प्रेमाने पुढे केलेला घास कधीकधी जिवावर बेततो. दिवाळीच्या दिवसांत फराळाचे डबे उघडे असतात. करंजीतले आणि चिवड्यातले बेदाणे कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी करू शकतात. चॉकलेट आणि कांदाही त्याला बाधतात. ताप वाटला म्हणून घरातली पॅरासिटामॉलची गोळी मांजराला दिली तर ते मरू शकते. राखायला येणारी मावशी वर्षानुवर्षे गुरे पाळणारी असली, तरी या गोष्टी तिला माहीत असतीलच असे गृहीत धरू नये.

कुत्रा राखणाऱ्याच्या घरी किंवा बोर्डिंगमध्ये जाणार असेल तर लसीकरणाची पुस्तिका पाहिल्याशिवाय त्याला घेऊ नये. रेबीजची लस वेळच्या वेळी दिलेली हवी. अनेक कुत्री एकत्र येतात तिथे पार्वो आणि डिस्टेंपर पसरतात. मावळच्या पावसात साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो आणि गवतातून येणाऱ्या गोचिडांमुळे गोचीडताप येतो. आजारी जनावर आत घेतले तर उरलेल्या सगळ्यांचे नुकसान होते, म्हणून पुस्तिका मागण्यात मालकाचा अपमान नाही.

मावळातल्या रात्रीची अट वेगळी आणि ठळकपणे सांगायला हवी. या भागात बिबट्याचा वावर आहे, आणि अंगणात साखळीने बांधलेला कुत्रा बिबट्याला सहज मिळणारी शिकार असतो. कुत्रा राखणीला ठेवला म्हणजे तो रात्री बाहेरच राहणार, ही समजूत इथे धोक्याची आहे. अंधार पडल्यावर त्याला आत किंवा बंदिस्त पडवीत घ्यावे, आणि ही अट मालकाने स्वतःहून घालावी. दिवसभर साखळीला बांधून ठेवण्याबाबत कायदाही स्पष्ट आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमाचे कलम ११ जनावराला अवाजवी वेळ आखूड किंवा जड साखळीने बांधणे गुन्हा ठरवते. नेहमी बांधलेल्या किंवा कोंडलेल्या कुत्र्याला मोकळे फिरवण्याची जबाबदारी ते मालकावर टाकते. म्हणजे रिकाम्या बंगल्यातल्या कुत्र्याला रोज फिरवणे ही राखणदाराची मेहरबानी नव्हे. ते मोबदल्याचे काम आहे आणि बोलीत त्याची वेळ नोंदलेली असावी.

सापांचे भय मावळात काल्पनिक नाही. नाग, घोणस, मण्यार आणि फुरसे हे चारही विषारी साप महाराष्ट्रात आढळतात. साप दिसला तर राखणाऱ्याने काठी उचलू नये, जनावर आत घ्यावे आणि मदत मागवावी. वनविभागाचा १९२६ हा क्रमांक, मावळात वन्यजीव रक्षक संस्थेसारख्या संस्थांचे प्रशिक्षित सर्पमित्र, माणसाला दंश झाल्यास १०८ ची रुग्णवाहिका आणि जवळच्या पशुवैद्याचा फोन, हे सगळे दाराच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरांत लावलेले असावे. घाबरलेला माणूस मोबाइलमध्ये नावे शोधत बसत नाही.

घराचे काम ऋतूप्रमाणे बदलते. घाटमाथ्यावरच्या लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तिथून पूर्वेला येताना तो झपाट्याने उतरतो आणि तळेगाव-आंबीत बराच कमी असतो. त्यामुळे आंबीतल्या बंद फ्लॅटला आठवड्यातून दोन फेऱ्या पुरतात, तर जुलैमधल्या लोणावळ्याच्या बंगल्याला रोज माणूस लागतो. पन्हळीत पाने अडकली की पाणी उलटे फिरून छताखाली शिरते. भिंती ओल धरतात, कपाटातल्या कपड्यांवर आणि चामड्याच्या वस्तूंवर बुरशी चढते, दारे फुगून बसतात. दिवसातून तासभर खिडक्या उघडून हवा खेळवली तर निम्मे नुकसान टळते. वीज अनेकदा जाते, म्हणून फ्रिज, इन्व्हर्टर आणि पाण्याची मोटर पाहावी लागते. उन्हाळ्यात हेच काम बाग शिंपण्यावर आणि टँकरच्या वेळांवर येते. पावसाळ्याचा दर आणि कोरड्या दिवसांचा दर वेगळा ठेवणे म्हणूनच रास्त आहे.

या सगळ्यातून कामाचे चार प्रकार निघतात : दिवसातून फेरी मारणे, रात्री मुक्कामाला राहणे, चोवीस तास घरात असणे आणि आवारात कायम वस्ती करणे. दर काढताना आधी प्रकार निश्चित करावा.

फेरीचा हिशेब सरळ असतो. घरातला वेळ आणि जाण्यायेण्याचा वेळ दोन्ही मोजायचे. समजा, आंबीतल्या एका कुत्र्यासाठी रोज दोन फेऱ्या आहेत. प्रत्येक फेरीत घरात पाऊण तास आणि जाण्यायेण्यात अर्धा तास जातो. दिवसाचे अडीच तास झाले. तासाला १२० रुपये धरले तर ३०० रुपये होतात. दोन्ही फेऱ्यांचे मिळून दुचाकीवर २० किलोमीटर अंतर पडत असेल, तर पेट्रोल आणि झीज किलोमीटरला तीन रुपये धरून त्यात ६० रुपये मिळवायचे. दिवसाचे ३६० झाले. दुसरा कुत्रा असेल तर रक्कम दुप्पट होत नाही. दोन्ही फेऱ्या मिळून ४० मिनिटे वाढली तर ८० रुपये वाढतील. दिवाळीत राखणारा स्वतःच्या घरचा सण सोडून येतो, त्यामुळे मजुरीचा भाग दीडपट धरावा : ३०० चे ४५०, प्रवासखर्च तेवढाच, एकूण ५१०. यातला १२० चा आकडा उदाहरणापुरता धरलेला आहे. गावोगाव तो बदलेल, पण रीत तीच राहील.

खालची मर्यादा ठरवायला एक सरकारी आकडा उपयोगी पडतो. रोजगार हमीची महाराष्ट्रातली मजुरी २०२५-२६ साठी दिवसाला ३१२ रुपये होती. अकुशल कामाच्या एका दिवसाचा तो दर. संध्याकाळी सातपासून सकाळी आठपर्यंत दुसऱ्याच्या घरी अडकून पडणाऱ्या, कुत्र्याला औषध देणाऱ्या आणि किल्ल्यांची जबाबदारी घेणाऱ्या माणसाला याहून कमी देण्याचे कोणतेही समर्थन होऊ शकत नाही.

मुक्कामाचा दर तासांवर काढला तर तेरा तासांची रक्कम मालकाला अवाजवी वाटते. झोपेचे तास वगळले तर राखणाऱ्यावर अन्याय होतो, कारण झोपला असला तरी तो स्वतःच्या घरी नसतो. यावर उपाय म्हणजे रात्रीची ठोक रक्कम आणि सकाळ-संध्याकाळच्या कामाचे तास वेगळे मोजणे. चोवीस तासांच्या कामात राखणाऱ्याला दुसरी मजुरी करता येत नाही, म्हणून त्याची एरवीची दिवसाची कमाई हीच सुरुवात धरावी आणि तिच्यावर रात्रीची रक्कम चढवावी. इंजेक्शन देणे, जखमेची मलमपट्टी, अवघड स्वभावाचे जनावर यांचा जादा दर आधीच बोलून घ्यावा. कुत्र्याचे खाणे, शिधा, वीज, गॅस यांचा खर्च मालकाचा, आणि तो मजुरीत धरला जाऊ नये.

सर्वांत जास्त गोंधळ कायम वस्तीच्या राखणदाराच्या पगारात असतो. आवारातली खोली, वीज आणि पाणी हा पगाराचाच भाग आहे असे मालक मानतात आणि रोख रक्कम कमी ठेवतात. पण राखणदाराने तिथे राहणे ही मालकाची गरज आहे. चौकीदाराला पहाऱ्याची जागा दिली म्हणून कोणी तिचे भाडे लावत नाही. खोलीला फार तर सवलत म्हणता येईल, वेतन नव्हे. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्याच्या बायकोचे काम. शुक्रवारी संध्याकाळी फोन येतो, की उद्या बारा जण येणार आहेत. झाडलोट, चादरी, पिठलं-भाकरी, चहाचे फेरे, रविवारी रात्री भांड्यांचा ढीग, हे सगळे ती करते. बोली मात्र नवऱ्याशी झालेली असते, तिचे नाव त्यात नसते. तिच्या कामाचे पैसे स्वतंत्र ठरले पाहिजेत आणि तिच्याच हातात किंवा तिच्याच खात्यावर गेले पाहिजेत. घरकाम करणाऱ्यांसाठी राज्यात २००८ चा घरेलू कामगार कल्याण मंडळ अधिनियम आहे, आणि त्याखाली तिची नोंदणी करून देणे मालकाला जड नाही.

बंगला शनिवार-रविवार पाहुण्यांना भाड्याने देऊ लागले की राखणदाराचे काम मुळापासून बदलते. राखणीसाठी ठेवलेला माणूस आता पाहुण्यांचे सामान उचलतो, मध्यरात्री गेट उघडतो आणि त्यांच्या गोंगाटाबद्दल शेजाऱ्यांची बोलणी खातो. अशा मुक्कामांसाठी दर मुक्कामामागे वेगळी रक्कम आणि आठवड्यात एक पूर्ण सुट्टी असायला हवी. सुट्टीच्या दिवशी कुत्र्याकडे कोण पाहणार, याची सोय मालकाने करायची. बंगल्यात कुत्रा आहे म्हणून राखणदाराला वर्षभर गावी जाता येत नाही, असे घडता कामा नये.

लेखी कागदाची दोन्ही बाजूंना भीती वाटते. दिवस, वेळा, कामे, दर, जादा दिवसाचा दर, आगाऊ रक्कम आणि खर्चाची मर्यादा हे एका पानावर मराठीत लिहून दोघांनी सही केली तर पुरेसे आहे. चार दिवसांच्या कामात निम्मे पैसे आधी आणि निम्मे शेवटी द्यावेत. मालकाने बेत ऐनवेळी रद्द केला तर आगाऊ रकमेतले किती ठेवायचे, तेही लिहावे, कारण राखणाऱ्याने त्या दिवसांचे दुसरे काम नाकारलेले असते. मालकाची भीती वेगळी असते : बरीच वर्षे राहिला तर हा जागेवर हक्क सांगेल. याबाबत सर्वोच्च न्यायालयाचा २०१२ चा मारिया मार्गारिदा सिक्वेरा फर्नांडिस विरुद्ध इरास्मो जॅक डि सिक्वेरा हा निकाल महत्त्वाचा आहे. गोव्यातल्या घरावरून भावाबहिणीत झालेला तो वाद होता. राखणदार, चौकीदार किंवा नोकर कितीही वर्षे जागेत राहिला तरी त्याचा ताबा मालकाच्या वतीने असतो आणि त्यातून मालकीहक्क निर्माण होत नाही, असे न्यायालयाने त्यात म्हटले. म्हणून नात्याचे स्वरूप कागदावर असणे मालकाच्याच हिताचे आहे, आणि पगाराची नोंद राखणदाराच्या.

नव्या माणसाची पोलीस पडताळणी करताना हद्द पाहावी. आंबीचा भाग २०१८ मध्ये स्थापन झालेल्या पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयाखाली येतो, लोणावळा पुणे ग्रामीण पोलिसांकडे. पडताळणीची माहिती राखणाऱ्याला आधी द्यावी. कॅमेऱ्यांचेही तसेच. घरात कुठे कॅमेरे आहेत ते दाखवावे, आणि राखणारा झोपतो त्या खोलीत एकही असू नये. मालकाला रोज एक फोटो आणि दोन ओळींचा निरोप मिळणे हक्काचे आहे. दिवसातून दहा वेळा फोन करून कुत्र्याला आवाज ऐकवायला लावणे बोलीत बसत नाही.

अडचणीच्या वेळी कोण निर्णय घेणार, हे मालक निघण्याआधी पक्के हवे. कुत्रा आजारी पडला आणि मालकाचा फोन लागत नसेल, तर राखणाऱ्याने किती रकमेपर्यंतचे उपचार न विचारता करून घ्यावेत तो आकडा लिहून ठेवावा आणि तेवढी रक्कम पशुवैद्याकडे किंवा राखणाऱ्याकडे जमा असावी. कुत्रा कोणाला चावला तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवून त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. उपचाराचा खर्च मालकाचा, मग चावा राखणाऱ्याला असो की रस्त्यावरच्या माणसाला. मात्र जनावर ज्याच्या ताब्यात आहे त्याने पुरेशी काळजी घेतली नाही, तर भारतीय न्याय संहितेचे कलम २९१ त्याला लागू होऊ शकते. सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तिथे तरतूद आहे. म्हणून दोरी तुटकी असेल, फाटकाची कडी बसत नसेल, तर काम घेण्याआधी ती दुरुस्त करून मागण्याचा राखणाऱ्याला अधिकार आहे.

निघण्याच्या दोन-तीन दिवस आधी एक संध्याकाळ मालक आणि राखणारा यांनी एकत्र घालवावी. कुत्र्याला दोरी मालकासमोर राखणाऱ्याने लावावी, वाटी त्याच्याच हातून ठेवली जावी, मोटर त्याने एकदा चालवून बंद करावी, गॅसची आणि पाण्याची मुख्य कळ हाताने फिरवून पाहावी. शक्य असेल तर एका रात्रीचा सराव मुक्कामही करावा, आणि त्याचेही पैसे द्यावेत. कुत्रा रात्रभर रडला तर बेत बदलायला तेव्हा वेळ असतो.

परतीचा दिवस पुष्कळदा लांबतो. पावसात घाटात दरड येते, सलग सुट्ट्यांच्या शेवटी द्रुतगती मार्ग तुंबतो, गाडी चुकते. मालक दारात येऊन पोहोचेपर्यंत काम संपलेले नसते आणि जादा वेळ ठरलेल्या दराने मोजला जातो. आल्यावर किल्ल्या मोजून परत घ्याव्यात, वीजमीटरचा आकडा आणि उरलेले खाणे-औषधे पाहावीत, पावत्या जुळवाव्यात, जनावराच्या अंगावरून हात फिरवून गोचीड किंवा जखम आहे का ते दोघांनी मिळून तपासावे आणि उरलेली रक्कम राखणारा घरी जाण्याआधी त्याच्या हाती द्यावी. पुढच्या चार-सहा दिवसांत जनावराला उलट्या, जुलाब किंवा ताप आला तर मालकाने राखणाऱ्याला कळवावे, कारण त्याच्याकडे तोवर दुसऱ्या घरचे कुत्रे आलेले असू शकते.